मुलांशी अमली पदार्थांविषयी बोलताना: घाबरवावे की खरे सांगावे?

जूनचा तिसरा आठवडा आला की कोयनानगर, हेळवाक, पाटण या भागातल्या शाळांची धांदल सुरू होते. शाळा नुकत्याच भरलेल्या असतात, पावसाने जोर धरलेला असतो आणि २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन तोंडावर असतो. फेरी, घोषणा, शपथ आणि एक भाषण असा कार्यक्रम ठरतो. भाषणासाठी डॉक्टरला बोलावतात आणि बोलावताना एक विनंती हमखास करतात: "डॉक्टर, असं काहीतरी सांगा, की पोरं घाबरली पाहिजेत. फोटो असतील तर दाखवा."

विनंती करणाऱ्या शिक्षकांची आणि पालकांची तळमळ खरी असते. मुलगा घाबरला तर त्या वाटेला जाणार नाही, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो, आणि कधीकधी उलटा पडतो. तो का चुकतो आणि त्याऐवजी घरात, शाळेत काय बोलावे, हे या लेखात पाहू.

काळजीचे कारण खरे आहे

'उगाच बाऊ करता' असे मी कोणत्याही पालकाला म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला मेफेड्रोनचा, म्हणजे 'एमडी'चा, कारखाना उघडकीस आणला आणि तपासाचे धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आले. त्याच वर्षी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात एमडी बनवण्याची जागा सापडली. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे इथे तेच घडले. डिसेंबर २०२५ मध्ये तर शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला, जावळी तालुक्यातल्या सावरी गावात मुंबई पोलिसांनी छापा घातला. 'हे सगळं मुंबई-पुण्याचं, आपल्याकडे कुठे' असे म्हणण्याचे दिवस गेले.

मात्र बातमीत येणारा पदार्थ आणि मुलाच्या हाती पहिल्यांदा येणारा पदार्थ सहसा वेगळे असतात. खेड्यातल्या मुलाची पहिली ओळख होते ती तंबाखूच्या पुडीशी, माव्याशी, गुटख्याशी. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सातवीतल्या मुलाला विचारा. त्यानंतर बिअर, सिगारेट, कुठे गांजा. काही मुलांच्या बाबतीत पंक्चरचे सोल्युशन किंवा थिनर. नशेच्या पदार्थांच्या वापराबद्दल केंद्र सरकारने दिल्लीच्या 'एम्स'कडून देशभर सर्वेक्षण करून घेतले होते, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त होते. आपली भाषणे मात्र ब्राऊन शुगर आणि एमडीवर असतात.

मुंबईहून आलेला दादा

समजा, आपण नववीच्या वर्गात सांगितले की गांजाचा एक झुरका घेतला की माणूस कायमचा संपतो. मुले गप्प बसून ऐकतात. शिक्षकांना वाटते, परिणाम झाला.

पुढे गणपतीला किंवा गावच्या जत्रेला मुंबईहून चुलतभाऊ येतो. पाटण तालुक्यातले निम्मे गाव कामासाठी मुंबईत असते, तेव्हा असा दादा घरोघरी आहे. तो चांगला कमावतो, गाडी घेऊन आलेला असतो. रात्री धरणाच्या बाजूला फिरायला गेल्यावर तो सिगारेटमध्ये काहीतरी भरून ओढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीला टाळ वाजवत उभा असतो. त्याला काहीही झालेले नसते. तो धाकट्याला म्हणतो, "काय होत नाय रे."

आता मुलापुढे दोन माणसे आहेत. डॉक्टर म्हणाले संपतो. दादा म्हणतो काही होत नाही, आणि तो समोर धडधाकट उभा आहे. मुलगा डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणार. एवढ्यावर ते थांबत नाही. 'गांजाबद्दल थापा मारल्या, म्हणजे बाकीचंही खोटंच असणार' असे तो धरून चालतो. मग सोल्युशनबद्दल, एमडीबद्दल, झोपेच्या गोळ्यांबद्दल जे सांगितले होते, आणि ज्यात खरोखर जिवाचा धोका होता, तेही त्याच्यासाठी रद्द होते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण या विषयात तो खोटे ओरडणारा मुलगा आपणच असतो.

सिनेमा सुरू होण्यापूर्वी दाखवली जाणारी मुकेशची तंबाखूविरोधी जाहिरात आठवा. एका तरुणाच्या मृत्यूची ती खरी आणि अतिशय दुःखद कहाणी होती. तरी कॉलेजच्या पोरांनी तिच्या नकला केल्या, विनोद केले. मुले निर्दय असतात म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. भीती सहन होत नसेल आणि तिच्यातून बाहेर पडायची वाटही कुणी दाखवलेली नसेल, तर माणूस हसून ती झटकून टाकतो. सोळाव्या वर्षी तर नक्कीच.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत येऊन मुलांना नशेचे धोके सांगत. पालक खूश, शाळा खूश. कार्यक्रम देशभर पसरला. पुढे संशोधकांनी हा कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा नशेच्या प्रमाणात जवळजवळ काहीच फरक आढळला नाही. १९९८ नंतर तिथल्या सरकारने तरुणांसाठी प्रचंड खर्चाची जाहिरात मोहीम काढली. तिच्या मूल्यमापनातही फायदा दिसला नाही. उलट काही तरुणांमध्ये गांजाबद्दलचे आकर्षण थोडे वाढले असावे अशी चिन्हे होती. सगळीकडे हाच विषय दिसू लागल्यावर 'सगळेच घेतात वाटतं, आपणच मागे' असा अर्थ मुले काढतात, हे त्याचे एक संभाव्य कारण.

संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधाच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आहेत. शाळेत कशाचा उपयोग होत नाही किंवा तोटा होऊ शकतो, हे त्यांत स्पष्ट लिहिले आहे: नुसते भाषण, नुसती माहिती, विशेषतः घाबरवणारी, पोलिसांकरवी घेतलेले वर्ग, आणि पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे अनेकांना पटत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. व्यसनमुक्त झालेल्या माणसाचा अनुभव व्यसनात अडकलेल्या माणसासाठी सोन्यासारखा असतो. व्यसनमुक्ती केंद्रे आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा त्यावरच उभ्या आहेत. पण ज्याने अजून काहीच घेतलेले नाही, अशा तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर तीच कहाणी वेगळी पडते. रेल्वे स्टेशनवरच्या रात्री, मारामाऱ्या, पळून जाणे, आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात उभा असलेला तगडा माणूस. 'सगळं करून शेवटी बाहेर पडता येतं' हा धडा त्याने घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

भीती मुळीच उपयोगाची नाही, असेही नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत जॅनिस आणि फेशबाख या संशोधकांनी शाळकरी मुलांना दात घासण्याविषयी तीन प्रकारे व्याख्याने दिली. किडलेल्या दातांची आणि हिरड्यांची भयानक चित्रे पाहिलेली मुले सर्वांत जास्त घाबरली आणि सवयी सर्वांत कमी बदलल्या त्यांनीच. नंतरच्या कित्येक अभ्यासांनी यात भर घातली. धोका खरा असेल आणि तो टाळण्यासाठी आपल्या हातात नेमके काय आहे हेही त्याच वेळी सांगितले, तर भीती कामाला येते. वाट न दाखवता नुसते घाबरवले तर माणूस कान बंद करतो.

कोयनेच्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या घराघरांत सांगितला जातो आणि लहान-मोठे धक्के आजही बसतात. इथल्या मुलाला आपण 'भूकंप झाला की सगळे मरणार' असे शिकवत नाही. बाकाखाली शीर, डोके झाक, धक्का थांबल्यावर मोकळ्या जागेत ये, भिंतीजवळ उभा राहू नकोस, असे शिकवतो. धोका लपवत नाही, वाढवूनही सांगत नाही, आणि काय करायचे ते सांगतो. नशेच्या बाबतीतही एवढेच हवे आहे.

खरे म्हणजे नेमके काय?

पहिले खरे असे, की नशेत सुरुवातीला बरे वाटते. हे वाक्य पालकांच्या तोंडून निघता निघत नाही. पण बरे वाटत नसते तर कुणी दुसऱ्यांदा घेतलेच नसते. 'बरं वाटतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. मेंदू त्या बरं वाटण्याची नोंद ठेवतो आणि पुन्हा मागतो' असे सांगितले की मुलगा मान वर करून ऐकू लागतो, कारण आता तुम्ही त्याला ठाऊक असलेल्या जगाबद्दल बोलत असता.

दुसरे खरे: सगळे पदार्थ सारखे नाहीत. 'ड्रग्ज' असा एकच गठ्ठा बांधला की कशात किती धोका, हे मुलाला कळत नाही.

तंबाखूपासून सुरुवात करू, कारण तिच्याकडे आपण सर्वांत जास्त कानाडोळा करतो. निकोटीन हे मोठ्या ताकदीने सवय लावणारे द्रव्य आहे. पहिली सिगारेट ओढून पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण निदान काही काळ तरी रोज ओढणारे होतात. म्हणजे 'तंबाखूच तर आहे, दारू-गांजा तर नाही ना' असे म्हणून आपण जी पुडी सोडून देतो, ती सवय लावण्यात गांजाच्या पुढे आहे. कॅन्सरची भीती पंधरा वर्षांच्या मुलाला लागत नाही, कारण तो कॅन्सर त्याच्या लेखी पन्नाशीतल्या माणसाचा आहे. त्याला जवळचे सांगा. माव्यातल्या आणि गुटख्यातल्या सुपारीने तोंडाच्या आतले मऊ अस्तर ताठर होत जाते. तिखट झोंबू लागते, मग तोंड पुरते उघडत नाही. एरवी आपली तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात. ती मावेनाशी झाली तर दातांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवे. हा आजार विशीतल्या मुलांमध्येही दिसतो. एकदा ताठर झालेले अस्तर सहसा पूर्ववत होत नाही, पण सुपारी सोडली तर पुढचे नुकसान थांबवता येते. मुलाला तीन बोटे घालून पाहायला सांगा. फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

गांजाबद्दल प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचे आहे आणि ते तसेच द्यावे. एकदा ओढून पाहिलेल्या बहुतेकांना कायमचे काही होत नाही. जे घेतात त्यांपैकी साधारण दहात एक जण त्याच्या आहारी जातो, आणि किशोरवयात सुरुवात झाली तर साधारण सहात एक, असे अंदाज आहेत. मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, त्यामुळे चौदाव्या वर्षी रोज ओढणे आणि तिसाव्या वर्षी एकदा ओढणे यांत फार अंतर आहे. लक्ष लागत नाही, नव्याने शिकलेले टिकत नाही, अभ्यास मागे पडतो. ज्यांच्या घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार आहे, त्यांच्यासाठी धोका बराच वाढतो: कानात आवाज येणे, कुणीतरी पाठलाग करतेय असे वाटणे. तुमच्या घराण्यात असा आजार असेल तर तो मुलापासून लपवू नका. त्याच्यासाठी ती कामाची माहिती आहे.

आता सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. इथे 'पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो' हे वाक्य अक्षरशः खरे आहे. या वाफांनी हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते आणि धडधाकट मुलगा जागीच कोसळू शकतो, विशेषतः हुंगल्यावर धावपळ झाली किंवा तो दचकला तर. म्हणून असा मुलगा दिसला तर ओरडत त्याच्या मागे धावू नका. शांतपणे जवळ जा, त्याला मोकळ्या हवेत आणा. हे वाक्य मुलाने खरे मानावे असे वाटत असेल, तर तेच वाक्य गांजाबद्दल खोटे वापरलेले नसले पाहिजे.

एमडी हा उत्तेजक पदार्थ आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आला. त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून त्याच रात्री पुन्हापुन्हा घेतला जातो. सवय पकडते ती तिथे. झोप उडते, भूक मरते, छातीत धडधडते, संशय वाढतो. पुडीत खरोखर काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि चाखून किंवा पाहून ते कळत नाही.

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भूल देताना उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन वापरतात. 'स्टॅमिना वाढतो' म्हणून ते जिममध्ये विकल्याची प्रकरणे आपल्या भागात पकडली गेली आहेत. रक्तदाब आधीच ठीक असलेल्या मुलाने ते घेतले तर तो धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. हे घेणारा मुलगा स्वतःला व्यसनी समजत नाही. तो तर तब्येत करतोय! त्यामुळे व्यसनमुक्तीचे भाषण त्याच्या डोक्यावरून जाते.

झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांबद्दल दोनच वाक्ये, पण ती पाठ असावीत. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून थांबू शकतो. आणि बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर आकडी येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडवाव्या लागतात.

आधी घरातले खरे

मुलगा विचारतो, "आजी मिश्री लावते ते चालतं का?" किंवा, "पप्पा ३१ डिसेंबरला पितात ना?" इथे भल्याभल्यांची वाचा बसते. 'मोठ्यांना उलट विचारायचं नाही' हे उत्तर दिले की संवाद तिथे संपला.

खरे उत्तर साधे असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आजीला ती लहानपणी लागली, तेव्हा तोटे कुणी सांगितले नव्हते, आता सुटता सुटत नाही. 'आजीलाच विचार, सुटली असती तर तिला आवडलं असतं का.' कित्येक आज्या नातवाला या प्रश्नाचे अगदी खरे उत्तर देतात, आणि त्या उत्तरापुढे माझे भाषण फिके आहे. वडील पीत असतील तर 'मी पितो, ते चांगलं नाही, मलाही कमी करायला जड जातंय' असे म्हणणाऱ्या बापाचा मान मुलाच्या मनात कमी होत नाही. लपून पिणाऱ्याचा होतो.

या बाबतीत सातारा जिल्ह्याची परंपरा चांगली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभे केलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी 'चला, व्यसनाला बदनाम करू या' अशी मोहीम चालवली. यात बदनाम करायचे आहे ते व्यसनाला, व्यसनी माणसाला नव्हे. त्याआधी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तेव्हा गर्दने तरुण पोरे पोखरली होती आणि समाजाच्या मनात गर्दुल्ला म्हणजे चोर एवढेच होते. मुक्तांगणने त्यांना रुग्ण मानले आणि प्रेमाने वागवले. घरात बोलताना हा फरक जिभेवर असावा: 'गंजेटी', 'बेवडा', 'वाया गेलेला' हे शब्द शेजारच्या मुलाबद्दल वापरले, तरी आपला मुलगा ते ऐकत असतो. उद्या त्याच्यावर वेळ आली तर आपल्याला काय म्हटले जाईल, हे त्याला आधीच कळलेले असते.

बोलायचे कधी, कसे

एकदाच समोर बसवून तासभर बोलू नका. दहा-अकरा वर्षांपासून थोडे थोडे, निमित्ताने बोला. पेपरात बातमी आली, एसटी स्टँडवर कुणी पडलेला दिसला, गाडीत दोघेच आहात. प्रश्न विचारा: "तुमच्या वर्गात मावा खातात का कुणी?" आणि उत्तर आल्यावर नाव विचारू नका. नाव विचारले की पुढच्या वेळी उत्तर येत नाही.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे म्हणा, दोघे मिळून डॉक्टरांना विचारू म्हणा.

माहितीइतकाच नकाराचा सरावही लागतो. मुलाला बहुतेक वेळा नशा नको असते, पण मित्रांत हसे होणे परवडत नाही. म्हणून त्याला वाक्ये द्या. "नको रे, मला भरती द्यायचीय, दम लागतो." आपल्याकडे सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी इतकी मुले आहेत की हे कारण कुणी खोडून काढत नाही. "घरी वास येतो, माझी आई सोडायची नाही." आईचे नाव पुढे करायची त्याला मोकळी परवानगी द्या. शाळेत असे प्रसंग मुलांकडून करून घेतले, चर्चा केली, गट पाडून बोलते केले, तर भाषणापेक्षा त्याचा उपयोग होतो, हे अभ्यासांतही दिसले आहे. संध्याकाळी मैदानावर, तालमीत, भजनात रमलेल्या मुलाला तर नकाराची वेळ कमी वेळा येते.

आणि एक दिवस मुलाने कबूल केलेच, "आई, मी घेतलं होतं," तर पहिली पाच मिनिटे काहीही करू नका. मारू नका, रडू नका, मित्राच्या घरी जाऊन भांडू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढे म्हणा. मग काय, कितीदा, कुणाबरोबर नव्हे तर कशामुळे, हे विचारा. नाराजी नंतर सांगा, नियम नंतर ठरवा. ते ठरवायलाच हवेत. प्रामाणिक बोलणे म्हणजे सगळे माफ असे नाही. लघवीची तपासणी घरच्या घरी, चोरून करू नका. ती काही दिवसांपुरतेच सांगते, चुकूही शकते, आणि विश्वास मात्र एका दिवसात घालवते.

रात्रीचा फोन

घाबरवण्याचा सर्वांत मोठा तोटा इथे दिसतो. चार मुले धरणाच्या बाजूला किंवा ओझर्डे धबधब्याकडे गेली आहेत, काहीतरी घेतले आहे आणि एक जण उठत नाही. 'पकडले गेलो तर आयुष्य संपलं' एवढेच शिकलेली मुले त्याला तिथे सोडून पळतात, किंवा 'झोपू दे, उतरेल' म्हणत सकाळची वाट पाहतात. कोयनानगरहून पाटण आणि तिथून कराड गाठायला वेळ लागतो. पावसाळ्यात, धुक्यात आणखी लागतो. वाट पाहण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

म्हणून मुलाला शांत वेळी हे सांगून ठेवा: कुणी हलवून, हाक मारून जागा होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरीचा असेल, ओठ निळे पडत असतील, आकडी आली असेल, छातीत दुखत असेल किंवा अंग तापून बडबड करत असेल, तर लगेच १०८ ला फोन करायचा. श्वास चालू असेल तर त्याला एका कुशीवर वळवायचे, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहायचे. तोंडात पाणी, लिंबू, ताक काही घालायचे नाही. बोटे घालून उलटी करवायची नाही. एकट्याला सोडायचे नाही. डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगायचे, पुडी किंवा गोळ्यांचे पाकीट असेल तर सोबत द्यायचे. उपचार त्यावर ठरतात.

आणि घरचा एक नियम: "तू कुठेही, कसल्याही अवस्थेत असलास तरी मला फोन कर. मी न्यायला येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही." सकाळी बोलायचे आहेच, पण रात्री नाही. हा शब्द दिलात तर पाळा.

पोलिसांची भीती आणि मदत

'डॉक्टरकडे नेलं तर केस होईल' म्हणून कितीतरी घरे महिनोन्‌महिने गप्प राहतात. यातले खरे असे: अमली पदार्थ घेणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे, हे मुलाला सांगायलाच हवे. विषबाधेसारख्या तातडीच्या प्रसंगी रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागू शकते. पण १९८५ च्या त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. विकणाऱ्याला ही सवलत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवाल्याशी बोलताना हे कलम ठाऊक असलेले बरे.

झोपेचे वेळापत्रक उलटे होणे, पैसे गायब होणे, जुने मित्र सुटून नवेच येणे, खेळ बंद पडणे, वजन झपाट्याने उतरणे, यांतले एखादे लक्षण वयाचाही भाग असू शकते. तीन-चार एकत्र आणि आठवडेच्या आठवडे दिसली तर आधी जवळच्या डॉक्टरांना भेटा. बऱ्याचदा नशेच्या मागे नैराश्य, अभ्यासाची धास्ती किंवा घरातले भांडण असते, आणि त्यावरही उपचार होतात. घरबसल्या बोलायचे असेल तर व्यसनासंबंधी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ वर मराठीतून बोलता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. फोन पालकही करू शकतात आणि मुलगा स्वतःही. त्याला हे तिन्ही नंबर मोबाइलमध्ये साठवून द्या. तो मोबाइल तुम्ही तपासत नाही, हेही त्याला सांगा, आणि खरेच तपासू नका.